मसुरीबाई

मे महिन्यात घाटंजीत कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत. अशा दुपारी आमची शेजारीण कूलरसमोर स्वेटर घालून बसायची. "थंडीची सवय कराले नको? तिथं गेल्यावर कुडकुडशीन मंग," असं वर मलाच दटावायची. माझ्या नवऱ्याने तिचं नाव मसुरीबाई ठेवलं, गल्लीने ते उचललं, आणि तिलाही ते मनापासून आवडलं.

बेत आम्हा दोघींचा होता. हरिद्वार, मसुरी, मग केदार-बद्री आणि उतरताना नैनिताल. लोक आधी देव करतात, मग मौज. हिचं उलटं. "देव काही पळून नाही जात. पन केदार उतरल्यावर पायात जीव राह्यते का मसुरीत फिराले?" देवाशी असं घरच्यासारखं वागणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. नवरे आमचे दोघींचेही घरकोंबडे. मला तर नागपूरच्या पुढे कुणी कधी नेलंच नव्हतं. तिच्याशिवाय मला हिमालय दिसणार नव्हता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तालमीचं वेड तिचंच. रोज पहाटे ती मला टेकडीवरच्या देवीला चढवायची. माझा उजवा गुडघा कुरकुरायचा, मी पायरीवर बसकण मारायचे, ती वर जाऊन परत यायची. "नाहीच जमलं तं घोडा करू तुले. लगाम मी धरीन," म्हणायची आणि आम्ही हसत सुटायचो. मी भोळी. मला वाटायचं, ती माझा गुडघा तयार करते आहे. ती तो जोखत होती.

गणपती उठले की निघायचं ठरलं होतं. पण मेच्या शेवटीच ती नवऱ्याला घेऊन मारेगावला जावेकडे बारशाला म्हणून गेली. जाताना किल्ली हातात देऊन म्हणाली, "तुळशीले पानी घालजो वं, माय." मी रोज घातलं. मग एका दुपारी माझ्या लेकीने पुण्याहून मोबाईलवर फोटो पाठवला, त्या जावेच्या सुनेने टाकलेला. केदारच्या देवळापुढे जाऊ, सून आणि मधोमध आमची मसुरीबाई, तोच स्वेटर घालून. इतका राग मला सासूचाही कधी आला नव्हता. 'तुले नाही नेत' असं तोंडावर म्हणाली असती तर मी भांडले असते, रडले असते, आणि तरीही तिच्या तुळशीला पाणी घातलं असतं. खोटं कशाला बोलली?

ती परतल्यावर गंगापूजनाचं जेवण झालं. कुणी केदार-बद्री करून आलं की त्याच्या पाया पडायचं, लहानथोर बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सगळी गल्ली रांगेने वाकत होती. न जाते तर बोभाटा झाला असता, म्हणून मीही गेले आणि वाकले. तिने मला वरच्यावर उचललं. तिचे डोळे भरून आले होते.

"जाऊ म्हने, तिच्या गुडघ्यापायी सारेच मांगं राहतीन. मी काय करू वं? पन तुह्या नावानं घंटा वाजोली मी. मोठ्ठ्यानं."

गुडघा दुखतो माझा, बाई, हात तर धड आहेत, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने माझ्या तळव्यावर प्रसाद ठेवला, आणि प्रसादाला नाही म्हणता येत नाही. मी तो तोंडात टाकला आणि मागच्या बाईला जागा करून दिली.