उदबत्तीवर जुळवलेली दुर्बीण

विद्युल्लता धर्माधिकारींच्या तोंडून ‘चालेल’ काढून घ्यायचं म्हणजे लोखंडाचे चणे चावणं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांनी भिंगं पुसली आणि जुळवली, आणि तेवढ्या काळात भल्याभल्या प्राध्यापकांना ‘नाही चालणार’ म्हणून तोंडावर सांगितलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी राजा घाटामागच्या गल्लीतला त्यांचा जिना कोणी ना कोणी चढतच असतो. कोणाची दुर्बीण एकाचे दोन दाखवते, कोणाच्या कॅमेऱ्यात बुरशी. बाई दमल्या होत्या. खरं सांगायचं तर निवृत्तीच्या दिवशीच दमलेल्या होत्या, पण लोक सोडतील तर शपथ.

त्यांतलाच एक सुमंत, त्यांच्या थोरल्या दिरांचा मुलगा. बँकेत नोकरी, आणि घरात आजोबांपासून चालत आलेला रायफलचा परवाना. गंगेपलीकडे पूर ओसरला की मोकळी होते ती जमीन, तिला इथे कछार म्हणतात, तिथे नीलगायींचे कळप एका रात्रीत हरभऱ्याचं शेत साफ करतात. गावच्या प्रधानाने, म्हणजे सरपंचाने, वनखात्याची लेखी परवानगी काढली की सुमंतला बोलावणं येई. गावाचा विश्वास सुमंतवर, सुमंतचा काकूंवर, आणि काकूंचा अलीकडे फक्त गरम पाण्याच्या पिशवीवर.

दिवाळीनंतर सुमंतच्या डोक्यात थर्मल क्लिप-ऑन शिरला. रायफलवरची दिवसाची दुर्बीण तशीच ठेवायची आणि तिच्या तोंडाशी हे यंत्र बसवायचं. अंधारात जनावराच्या अंगाची ऊब त्यात पांढरी दिसते. तीन नमुन्यांचे फोटो मोबाइलवर घेऊन तो आला, तेव्हा काकूंचे पाय गरम पाण्यात होते.

“काकू, ह्याच्यावर अठराशे मीटर रेंज लिहिलीय. हाच घेऊ ना?”

“अठराशे मीटरवर काय दिसेल?”

“जनावर.”

“कुठलं जनावर?”

काकूंनी पाय पुसत समजावलं, “अठराशेवर नुसता ठिपका दिसेल. चार पायांचं आहे एवढं कळायला पाचसहाशेच्या आत यावं लागेल, आणि कोण आहे ते ओळखायला दोनशेच्या आसपास. खोक्यावर पहिला आकडा छापतात. बाकीचे दोन आपण विचारायचे असतात.”

सगळ्यांत मोठ्या यंत्राला त्यांनी नाकापेक्षा मोती जड म्हणून बाजूला सारलं. इतकं वजन नळीच्या टोकाला लटकवलं की नेम तोलता येत नाही. मधला घ्यायला सांगितला, चित्राचे ठिपके बारीक असणारा. वर तंबी दिली की मागच्या दुर्बिणीची ताकद चौपटीच्या वर न्यायची नाही, नाहीतर चित्राच्या नुसत्या लाद्या दिसतात. सुमंतने निमूट तोच आणला.

मग जुळवणी. यंत्र बसवल्यावर नेम तसूभरही हलता कामा नये, हे तपासायचं कसं? काकूंची पद्धत प्रयोगशाळेतली नव्हे, देवघरातली होती. संध्याकाळी घाटाच्या एका टोकाला उदबत्त्यांची पेटती जुडी खोचायची, दुसऱ्या टोकाला दुर्बीण शिकंज्यात घट्ट आवळायची. आधी नुसत्या दुर्बिणीतून तो निखारा बरोबर आतल्या नेमाच्या फुलीवर आणायचा, मग पुढे यंत्र चढवायचं. पांढरा ठिपका फुलीवरच राहिला तर यंत्र खरं. सरकला, तर यंत्राची बटणं दाबून चित्र हळूहळू जागेवर आणायचं. घाटावरचे नावाडी म्हणाले, पंडिताइनने नवं व्रत धरलंय. काकूंनी सहा संध्याकाळी ते व्रत केलं आणि ठिपका फुलीवर आणला.

एकच अडचण राहिली. घाटावर यंत्रही शिकंज्यात धरलं होतं; ते दुर्बिणीवर बसवायची रिंग मात्र दोन मिलिमीटर मोठी निघाली. बरोबर मापाची यायला तीन आठवडे लागणार होते, आणि तोवर थांबायचं असं काकूंनी बजावलं होतं. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

जानेवारीत एका दुपारी फोन आला. काकू रात्रभर पाठदुखीने जाग्या होत्या. नवरा पुण्याला मुलीकडे गेलेला, घरात त्या एकट्या, नुकताच कुठे डोळा लागत होता.

“काकू, मी रिंगमध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली. एकदम टाइट बसलाय, हलत पण नाही. कछारातल्या त्या गंगाबाईच्या शेतात आज बसायचंय, ती रोज रडतेय. चालेल ना?”

“चालेल,” काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एकतीस वर्षांत इतक्या स्वस्तात हा शब्द कोणाला मिळाला नव्हता. दहा मिनिटांनी कूस बदलताना ती ट्यूबची पट्टी त्यांना पुन्हा आठवली. रबर घट्ट बसतं खरं, पण ते दबतं, पिळलं जातं. यंत्र जागेवर राहील आणि हळूच गोल फिरेल. ते फिरलं की बटणांनी केलेली दुरुस्ती भलत्याच दिशेला जाणार, आणि सुमंत समजणार की आपला नेम बरोबर आहे, काकू चालेल म्हणाल्यात.

त्यांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. बसायला जाताना तो फोन बंद ठेवतो हे त्यांना ठाऊक होतं. ‘मरू दे, उद्या बघू’ असं मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला. मग उठल्या, उदबत्तीचा पुडा आणि कपाटातली एक जुनी लग्नपत्रिका पिशवीत टाकली, आणि कमरेला पट्टा बांधून जिना उतरल्या. पुलावर गर्दी, पलीकडे रस्त्यात खड्डे. रिक्षाच्या प्रत्येक धक्क्याला पाठीतून कळ येत होती, आणि बाई स्वतःलाच शिव्या घालत होत्या.

गावात पोचल्या तेव्हा दिवस मावळला होता. शेताच्या बांधावर कांबळं पांघरून सुमंत बसलेला, शेजारी शेताची मालकीण गंगा, पन्नाशीची, वाळकी बाई. काकूंना पाहून सुमंत उभाच राहिला.

“काकू, तुम्ही इथे? काय झालं?”

“मोकळी कर रायफल. मग सांगते.”

गोळ्या काढून झाल्यावर शंभर पावलांवर मातीच्या ढिगात उदबत्त्या खोचल्या. गंगा हात जोडून बघत राहिली. रायफल वाळूच्या पोत्यांवर टेकवून सुमंतने आधी नुसत्या दुर्बिणीतून फुली लावली, मग यंत्र चढवलं. डोळा काढून पुन्हा लावला.

“किती?” काकूंनी विचारलं.

“वीतभर. डावीकडे.”

काकू रागावल्या नाहीत. रागवायलाही अंगात बळ लागतं. रबराची पट्टी काढून फेकली, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापून रिंगमध्ये एकावर एक ठासल्या, यंत्रावरची खूण बरोबर वर आणली. ठिपका फुलीवर आला. मग कपाळावरची टिकली काढून रिंग आणि यंत्र यांच्या सांध्यावर चिकटवली. यंत्र फिरलं तर टिकली सुटेल, अंधारात बोटाला कळेल.

“आता चालेल?” सुमंतने विचारलं.

“आता बघू.”

साताच्या सुमारास शेताच्या पलीकडच्या कडेने काहीतरी आत शिरलं. सुमंतने रायफल भरली, दुर्बिणीला डोळा लावला. “आलं,” तो पुटपुटला, “मोठं आहे. एकटंच. काकू, चालेल ना?”

गंगा कानाशी कुजबुजली, “मार दीजिए भइया, पूरा खेत खा गए.”

काकूंची पाठ ठणकत होती, थंडीने दात वाजत होते. एक शब्द म्हटला की सगळे घरी जाणार होते. तो शब्द अगदी ओठांवर आला होता.

“कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“नीलगायच असणार, दुसरं काय?”

“असणार नको. किती लांब आहे?”

“तीनशे.”

“मग येऊ दे.”

वाट पाहणं सुरू झालं. ते जनावर चरत चरत, घरचं असल्यासारखं, सरळ बांधाच्या दिशेने येत राहिलं. दोनशे पावलं. सुमंतचं बोट घोड्यापासून दूर होतं, एवढं काकूंनी बघून ठेवलं. मग त्याने श्वास रोखला.

“काकू, मानेभोवती काळी रेघ आहे.”

“हलते?”

“मान हलवली की लोंबते.”

“दोरी आहे,” काकू म्हणाल्या. “दवाने गार झालेली दोरी. रानातल्या जनावराच्या गळ्यात दोरी कोण बांधेल? रिकामी कर.”

सुमंतने गोळी काढून खिशात टाकली. हातून गाय मारली गेली असती तर परवाना जाणं हे त्यातलं सगळ्यांत लहान दुःख, हे त्याला सांगावं लागलं नाही. काकूंनी बॅटरी पेटवली. उजेडात दोन डोळे चमकले, एक हाडं वर आलेली तांबडी गाय उभी होती, गळ्यात तुटक्या दोरीचा हातभर तुकडा.

गंगा उठली. पुढे गेली, आणि मध्येच थांबली. “ई त हमार ललकी हौ,” ती म्हणाली.

ललकी तिचीच गाय; दूध आटलं म्हणून श्रावणात तिनेच ती नदीपार, शहराच्या बाजूला सोडून दिली होती. आवाज ऐकून गाय तिच्याजवळ आली आणि तिच्या पदराला तोंड लावलं. गंगाने तो दोरीचा तुकडा मुठीत धरला, आणि कितीतरी वेळ कोणाकडे बघितलं नाही.

परतताना सुमंतने गाडी पुलावर आणली. मग म्हणाला, “काकू, तुम्ही नाही म्हणालात म्हणून वाचलो.”

“मी दुपारी चालेल म्हणालेच होते की.”

“ते फोनवर. पुढच्या महिन्यात नवी रिंग येईल. बघाल ना तुम्ही?”

काकूंनी डोकं काचेला टेकवलं. डोळे मिटलेलेच होते.

“बघेन,” त्या म्हणाल्या. “पण मी दमलेली असले की मला काही विचारू नकोस. दमले की मी खोटं बोलते.”