सांगलीला तीन तबकड्या ऐकल्या

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हाच माझं मत ठरलेलं होतं. सांगलीला माझा धाकटा भाऊ दत्तू राहतो, पलटणीतून निवृत्त झालेला. त्याचा निरोप आला होता, ‘आक्का, सुभाषनं पुण्यास्नं इंग्रजी गाण्यांच्या तबकड्या आणल्यात. डोकं उठलंय. तू येऊन एकदा सांग, यंत्रासकट विकून टाकतो.’ आमच्याकडे थोरल्या बहिणीचा शब्द मोडत नाहीत.

कराडच्या स्टँडवर चपलेचा अंगठा तुटला. चांभार म्हणाला, “मावशी, नवी घ्या आता.”

“तू आधी सुई नवी घे,” मी म्हटलं.

पुढे दोन्ही बाजूंना ऊस. बघण्यासारखं काही नाही. सांगली आली हे हळदीच्या वासावरून कळलं.

भावजयीने भडंग (तिखट परतलेले चुरमुरे) आणि चहा दिला. सुभाष दत्तूचा मुलगा, कारखान्यात नोकरीला. तो हात पुसून तबकड्या घेऊन आला. “आत्या, विकायच्या आधी तीन ऐक. तिन्ही एकाच माणसाच्या. सोताच लिवतो, पर दर बारीला (दर वेळी) निराळं.”

पहिली लावली. “ही उसाची गाडी पुलावरनं चाललीय व्हय रं?” मी विचारलं. दत्तू खूश झाला.

दुसरीत नुसती तार आणि एक आवाज.

“ह्यो आजारी हाय का?”

“न्हाई, घर सोडून चाललाय.”

मग बरोबर होतं. ती मला आवडली.

तिसरीत अख्ख्या बाजूभर एकच गाणं. थोडं गाणं, थोडं बोलणं, चाल बदलली, नुसता ढोल वाजला, पुन्हा गाणं. आमच्या घरच्या गोंधळात (देवीपुढे रात्रभर सांगितलेली कथा) असंच चालतं. मधेच सगळं शांत झालं. दत्तू उठला. “सुटलो!”

“आबा, अर्धं राहिलंय,” सुभाष म्हणाला.

“बस खाली,” मी दत्तूला म्हटलं. “आरतीआधी गोंधळातनं कुणी उठतं का?”

तो बसला. “मी दर बारीला हितंच उठतो,” म्हणाला. पुढचं त्याने कधी ऐकलंच नव्हतं. या वेळी शेवटपर्यंत ऐकलं, आणि घड्याळाकडे बघितलं नाही.

तबकडी थांबली. सुभाष माझ्याकडे बघत होता.

“पयली वाईट हाय,” मी म्हटलं. “यंत्र ऱ्हाऊ दे.”

“आक्का, तुला कशाला बोलावलं हुतं मी?”

“निकाल लावायला. लावला.”

दत्तूने पहिली तबकडी उचलून बाजूला ठेवली. मग सुभाषला म्हणाला, “पयली लावायची आसंल तर दार लावून.”

दुसऱ्या दिवशी परत निघाले. अर्धवट ऐकून माणूस मोडीत काढू नये, एवढं मात्र खरं. पण पुरं ऐकूनही सगळं आवडेलच असं नाही. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, “आवं, सांगलीला कशापायी गेलावता?”

“एका गोऱ्याची गाणी ऐकायला.”

“कळली व्हय?”

“तीनातली दोन.”

“लय झाली की,” ती म्हणाली. “आमच्या गावातल्या बुवाचं मला अजून एकबी कीर्तन कळलं न्हाई.”