दिवस बुडायच्या आत जेवणाऱ्याची शेकोटी

राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये दीड वर्ष एकट्यानं जेवून मला ताटाचाच कंटाळा आला होता. म्हणून संग्राम नावाच्या तरुणाच्या ग्रुपची दाजीपूर रस्त्यावरच्या कॅम्पची जाहिरात दिसताच फोन करून मोकळा झालो. दोन मुक्काम, माणशी अडीच हजार, तंबू आणि जेवण त्यातच. त्यानं वय विचारलं, मी एकसष्ट सांगितलं. "चालतंय की काका!" म्हणाला.

मी एकच अट घातली: दिवस बुडायच्या आत जेवणार. आम्ही जैन, पण खरं सांगायचं तर हा नियम माझा नव्हे, माझ्या बायकोचा, शोभाचा. ती होती तोवर मी कागलच्या एमआयडीसीतून आठला घरी येऊन जेवणावर ताव मारायचो. ती गेल्यावर नियम मी उचलला. तेवढीच तिची सोबत, असं वाटलं होतं.

शनिवारी सकाळी मिनीबसनं निघालो. राधानगरीत मिसळ खाऊन घ्या, पुढं टपरीवरच्या चहाशिवाय फारसं काही मिळत नाही. वळणं बरीच आहेत, गाडी लागत असेल तर पुढची सीट पकडा. अभयारण्यात जाळ करता येत नाही, त्यामुळे आमचे तंबू बाहेर, धरणाच्या पाण्याजवळ एका शेतकऱ्याच्या माळावर होते. डिसेंबरातली थंडी तिथं हाडात शिरते.

स्वयंपाक त्या शेतकऱ्याच्या आईकडे होता. सगळे त्यांना आक्का म्हणत. माझ्यासाठी त्यांनी वेगळी चूल मांडली होती. साडेपाचला भाकरी आणि मुगाची उसळ वाढून त्या मटणाच्या तयारीला लागल्या. बाकीचे अकरा जण पाण्याकडे फोटो काढायला गेलेले. एवढे पैसे भरून, एवढी वळणं सोसून मी पुन्हा एकटाच जेवत होतो. स्वतःचंच हसू आलं, आणि मग आलं नाही.

अंधार पडल्यावर शेकोटी पेटली, तांबडा रस्सा फिरू लागला. कळंब्याच्या एका धिप्पाड गड्यानं विचारलं, "पावणं, उपास हाय व्हय?"

"नाही, मघाशीच जेवलो."

"एकटंच? आवं, थांबायचं की!"

सगळे हसले आणि गप्पा पुढे गेल्या. माणसं जेवता जेवता मोकळी बोलतात. रिकाम्या हातांचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी भाकरी वाढू लागलो, पाणी देऊ लागलो. पाण्याचा जग घेऊन उठलो आणि लख्ख कळलं: शोभा रोज हेच करायची. माझं ताट गरम करून समोर बसायची. "जेवलीस का?" मी विचारायचो. "व्हय, मगाशीच," ती म्हणायची. मी मान डोलावून पुढचा घास घ्यायचो. तीस वर्षं. मी डोळे पुसले. शेकोटीजवळ धुराचं निमित्त बरं असतं.

रविवारी जंगल फिरलो, लांबून गवे दिसले. परतल्यावर संग्राम म्हणाला, "काका, आज सगळीच लवकर जेवूया की तुमच्यासंगं."

मी साफ नाही म्हणालो. शेकोटीची सगळी रंगत त्या रश्श्यात, ती माझ्यापायी कशाला घालवायची?

साडेपाचला ताट घेऊन बसलो, तर आक्का चहाचा कप घेऊन शेजारी येऊन टेकल्या.

"अहो, तुमचा स्वयंपाक पडलाय."

"पडंना का. माणूस एकटं जेवताना मला बगवत न्हाय."

मग त्यांनी आपल्या म्हशीचे नखरे सांगितले. मी एक भाकरी जास्त खाल्ली.

सोमवारी दुपारी घरी आलो. जाणार असाल तर जरूर जा, कानटोपी विसरू नका. आणि तुमच्या ग्रुपमध्ये, नाहीतर घरात, कुणी लवकर जेवणारं असेल तर आपलं जेवण अलीकडे ओढायची गरज नाही. नुसता चहा घेऊन शेजारी बसा. दहा मिनिटं लागतात.

मला रविवारी सुट्टी असायची. साडेपाचला शोभा स्वयंपाकघरात जेवत असायची आणि मी बाहेरच्या खोलीत बसून चहाच पीत असायचो.