थांबवलेला माग

पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या निवडणुकीला मी उभी राहिले आणि आमच्या वॉर्डातल्या लोधीपुऱ्यात दारोदार हिंडले. तिथं घरोघरी यंत्रमाग. त्या खडखडाटात माझं बोलणं कुणाला ऐकू येत नसे, तरी सगळे मान हलवत, "हो ताई, वोट तुम्हालाच."

एकानं मात्र माग बंद केला. अंगावरचा कापूस झटकला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खोटं नाही बोलत, ताई. माझा वोट समोरवालीला. माझी आई बिमार होती, तेव्हा तीच दवाखान्यात घेऊन गेली."

मला राग आला. पुढं केलेलं पाणीही न घेता मी निघाले.

मी हरले. आठवड्यानं त्याच गल्लीतून जाताना मान हलवणारे सगळे खाली बघत होते. तेवढ्यात एक माग थांबला. तोच माणूस कापूस झटकत दारात आला.

"वोट एकच होता, ताई. चहा कितीबी आहे. बसा न."

चहा देताना म्हणाला, "नालीवर झाकणं टाकायचं म्हणत होत्या तुम्ही. ते सोडू नका."

नाव विचारायचं राहूनच गेलं. अख्ख्या निवडणुकीत माझं बोलणं ऐकलेला तो एकटाच मतदार.