सोलरचा दिवा आणि सोसायटीचे टीव्ही

चहा निवायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर नंतर धीर होणार नाही. माझी पीएच.डी. प्रकाशशास्त्रातली आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

आम्ही राहतो वसईला, एव्हरशाईन सिटीत. सोसायटीच्या बागेत जमिनीत खोचायचे सोलरचे दिवे लावावेत, ही कल्पना माझी. दिवे लागले. आता त्यांचा उजेड कसा? तर बाकावर कुणीतरी बसलंय एवढं कळतं, कोण ते विचारावं लागतं! पण वीज वाचली म्हणून सोसायटीनं शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. जन्मभर स्वतःवर शंका घेत आलेल्या माणसाचा सत्कार करू नये हो. तो बिघडतो.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर हिंडायला लागलो. "जरा रिमोट देता?" टीव्हीतच वीज वाचवायची एक सोय असते. ती मी चालू करून द्यायचो आणि वर विचारायचो, "चित्रात काही फरक?"

"छे हो सर, काहीच नाही!"

आता सांगा, समोर बसून चहा पिणाऱ्या म्हाताऱ्या प्राध्यापकाला 'हो, फरक पडला' असं कोण म्हणेल?

एकट्या तळमजल्यावरच्या ग्रेसी मावशींनी मला दारातूनच परतवलं. त्या मूळच्या इथल्याच गावातल्या. म्हणाल्या, "माझ्या रिमोटला माझ्या नवऱ्यानं कधी हात लावला नाही. तुम्ही कोन?"

थोडे दिवस गेले आणि ओरड सुरू झाली.

"सर, टीव्हीवर कायम दिवेलागणच झालेली असते."

"सासू कोण नि सून कोण, आम्ही आवाजावरून ओळखतो!" हे तिसऱ्या मजल्यावरचे देशमुख. एवढ्यावर थांबतील तर ते देशमुख कसले? "अगदी आपल्या बागेतल्या सोलरसारखं दिसतं, सर!"

हे मला लागलं. मी विचार करायला बसलो. सगळ्यांकडे एकदम बिघाड झाला, म्हणजे कारण एकच असणार. तर्क अचूक होता बरं का! फक्त ते कारण मी आरशात शोधायचं सोडून केबलवाल्याकडे शोधलं.

केबलवाला हरेश अर्नाळ्याचा. बिचारा येऊन सगळ्या वायरी तपासून गेला. "सर, सिग्नल चोख आहे. कोनाकडं पन तपासा."

"मग चित्र काळवंडलंय कशानं?"

"तेच तर कळत नाही ना! पन सर, तुमची सोसायटी सुटली तर मग बाजूच्या पन सुटतील. मी काय करू मग?"

मला वाईट वाटलं. पण तोपर्यंत मी आंदोलनाचा नेता झालो होतो! 'स्वच्छ चित्र, आमचा हक्क' असा फलक माझ्याच अक्षरात जिन्यापाशी लागला होता. नेत्याला मागे कसं फिरता येणार?

रविवारी संध्याकाळी बागेत सभा भरली. विषय एकच, हरेशला काढून दुसरा केबलवाला आणायचा. मी चित्राच्या तेजस्वितेवर सविस्तर बोललो. हरेश कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. "मग, हात वर करा," मी म्हणालो.

हात वर गेले, आणि तेवढ्यात ग्रेसी मावशींच्या खिडकीतून आरोळी आली. "सिक्सर!"

सगळ्यांच्या माना वळल्या. आत क्रिकेट चालू होतं. मैदान असं हिरवंगार, की गाय सोडावी चरायला! गोलंदाजाच्या कपाळावरचा घाम आम्हाला बागेतून दिसत होता.

देशमुख खिडकीशी गेले. "मावशी, तुमची केबल कोणाची?"

"हरेशचीच. दुसऱ्या कोनाची असनार?"

"मग एवढं लख्ख कसं दिसतं?"

"मी सरांना रिमोट दिला नाही ना!"

वर गेलेले हात एकेक करून खाली आले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपले दिवे आणखी मंद असते तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मग जे हसू फुटलं! सगळ्यात मोठ्यानं हरेश हसला, आणि तो हक्क त्याचाच होता. सभा तिथंच मोडली. जो तो आपापला टीव्ही सुधारायला पळाला. मी मदतीला येऊ का विचारलं, तर सगळे एका सुरात "नको!"

घरी आलो तर सुमन, म्हणजे आमची ही, म्हणाली, "आता आपला तरी उजेडात आणा."

मी बटणं दाबत सुटलो. पण चित्र इतकं अंधारलेलं, की ज्या यादीत ती सोय बंद करायची, ती यादीच वाचता येईना! शेवटी जीव मुठीत धरून हरेशलाच फोन लावला.

"येतो ना सर," तो म्हणाला. "खालीच आहे. तोवर एक करा. बागेतला एक सोलरचा दिवा उपटा आनि टीव्हीसमोर धरा."

तो थट्टा करत होता, हे मला दिवा घेऊन लिफ्टमध्ये शिरल्यावर कळलं. आणि तेसुद्धा, लिफ्टमध्ये हरेशच उभा होता म्हणून!