वाणातली मोहना

आमच्या इमारतीतल्या एकतीस बायकांना मी यंदा हळदीकुंकवाच्या वाणात नरकातून आलेल्या एका बाईचं चित्र दिलं. चित्र मीच निवडलं होतं आणि निवड उत्तम झाली म्हणून घरी येता येता स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

आम्ही गिरगावातून भाईंदरला, नवघरला राहायला आलो त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून आमची सौ., म्हणजे नीता, दरवर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू करते आणि वाणात चहाची गाळणी, साबणाची डबी, कंगवा असं काहीतरी लुटते. यंदा तिने कापडी पिशव्या द्यायच्या ठरवल्या. पिशवीवर लक्ष्मीचं चित्र आणि खाली नीताचं नाव. लक्ष्मी काढायची होती आमच्या मुलीने, ऋचाने. ऋचा तेव्हा अंधेरीच्या एका ऑफिसात फरसाणाच्या पाकिटांवरची चित्रं काढायची (चिवड्याच्या पाकिटावरचा हसरा शेंगदाणा पाहिला असेल, तर तो आमच्याच घरातला).

याशिवाय ती इंटरनेटवर दर आठवड्याला एक विनोदी चित्रमालिका टाकायची, टोपणनावाने. मला एवढंच ठाऊक होतं. मालिका कशाची, हे मी विचारलं नव्हतं. शेंगदाण्याचीच असेल असं धरून चाललो होतो. डिसेंबरात ती मला गच्चीवर घेऊन गेली आणि म्हणाली, की एका प्रकाशकाला त्या मालिकेचं पुस्तक काढायचंय. पण त्यासाठी नोकरी सोडून सहा महिने घरी बसावं लागेल, आणि राजीनामा जानेवारी संपायच्या आत द्यायला हवा. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. नीताच्या मते पक्की नोकरी सोडणारी माणसं एक तर आजारी असतात किंवा नाटकात काम करतात. तेव्हा असं ठरलं, की हळदीकुंकू छान पार पडू द्यायचं, आणि आई खुशीत असताना विषय मी काढायचा. पोरीचं सगळं त्या एका दुपारवर अवलंबून होतं. ती पार पाडायला मी पिशव्यांचं काम स्वतःकडे घेतलं.

चित्र मला घरच्या कॉम्प्युटरवर समोरच सापडलं. (ऋचाने लक्ष्मी मला ईमेलने पाठवली होती, हे नंतर कळलं. मी ईमेल सोमवारी बघतो.) चित्रातली बाई देखणी होती. नऊवारी, नथ, ठसठशीत कुंकू. साडी काळी होती, पण संक्रांतीला काळंच नेसतात. पोरीने किती बारीक विचार केलाय, असं वाटून मला भरून आलं. डोक्यावर दोन टोकांचा मुकुट होता. पाठीमागे दोन्ही बाजूंना पसरलेली प्रभावळ होती. कमरेजवळून एक देठ वर आला होता आणि त्याच्या टोकाला मिटलेली कमळाची कळी होती. हात दोनच होते, पण हल्ली सगळंच आटोपशीर असतं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. ती चित्रकाराची सही, असं मी समजलो.

गोडदेवच्या छपाईवाल्याने चित्र पाहून मान डोलावली. "अंकल, माताजी एकदम मॉडर्न है," तो म्हणाला आणि खाली 'जय माता दी' टाकू का, असं विचारलं. मी म्हटलं, नको, आपल्याकडे यजमानीणबाईंचं नाव घालतात. त्याप्रमाणे चित्राच्या खाली ठळक अक्षरांत 'सौ. नीता यांजकडून सप्रेम भेट' असं छापून आलं. पिशव्या रविवारी दुपारी मिळाल्या, चित्र आतल्या बाजूला घालून घडी केलेल्या. नीता तिळगुळाच्या वड्या थापत होती आणि ऋचा पार्लरमध्ये होती. मी घडी न मोडता प्रत्येक पिशवीत एकेक गाळणी सरकवली (गाळणीशिवाय वाण आमच्या नीताला अपुरं वाटतं).

चार वाजता बायका यायला लागल्या आणि मला बेडरूममध्ये घालवण्यात आलं. हळदीकुंकवाला नवऱ्याने दिसायचं नसतं. दार मात्र मी किलकिलं ठेवलं होतं. नीता हळदकुंकू लावत होती, ऋचा गुलाबपाणी शिंपडत होती, आणि पिशव्या एकामागून एक ओट्यांत पडत होत्या. दहा-बाराजणींचं वाण देऊन झालं असेल, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेननी पिशवी उलगडली.

"नीताबेन, ये आपका फोटो है क्या?" त्या कौतुकाने म्हणाल्या. "नाक तो सेम टु सेम है."

नीताने पिशवी पाहिली. नाक खरोखरच तिचं होतं. (ऋचाला बायकांचं एकच नाक काढता येतं, आणि ते तिने लहानपणापासून समोर पाहिलेलं आहे.) नीता काही बोलायच्या आत शेजारच्या ग्रेसीबाईंनी चष्मा लावला. ग्रेसीबाई मूळच्या उत्तनच्या, तिळगुळासाठी दरवर्षी हौसेने येतात. चर्चमध्ये सैतानाची चित्रं पाहत मोठ्या झालेल्या बाई त्या. त्यांना फसवणं सोपं नव्हतं.

"वहिनी, ही देवी न्हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "हिला शिंगं हायत. आणि हे मागं शेपूट हाय."

ऋचा गुलाबदाणी घेऊनच बेडरूममध्ये आली आणि तिने दार लावून घेतलं.

"बाबा, ही मोहना आहे. सक्युबस आहे ती."

मी म्हटलं, म्हणजे कुठली देवी? मग तिने मला उभ्याउभ्या समजावलं. सक्युबस म्हणजे पुरुषांच्या स्वप्नात शिरून त्यांना भुरळ घालणारी आणि त्यांची शक्ती शोषून घेणारी परदेशी हडळ. ऋचाच्या मालिकेत अशा दोघी बहिणी आहेत, थोरली मोहना आणि धाकटी चंचला. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून त्यांनी भाईंदरला अकरा महिन्यांच्या करारावर वन बीएचके घेतलाय. नरकातल्या हेड ऑफिसने त्यांना दर महिन्याचं टार्गेट दिलंय आणि ते काही केल्या पुरं होत नाही. कारण इथले पुरुष स्वप्नातसुद्धा पाण्याच्या टँकरची वाट बघत असतात. संक्रांतीच्या भागात दोघी सोसायटीत हळदीकुंकवाला जातात, त्यासाठी मोहनाला काळी नऊवारी नेसवली होती. तीच मी छापून आणली होती.

मी म्हटलं, पिशव्या परत मागून घेऊ. ऋचाने माझ्याकडे पाहिलं. दिलेलं वाण परत मागितल्याचं आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलेलं नाही, आणि नीता तर ते जीव गेला तरी मागणार नाही. शिवाय अजून येणाऱ्या बायकांना द्यायला घरात दुसरं काहीच नव्हतं. त्यामुळे नीता तोंडावर हसू ठेवून पुढच्या एकोणीस बायकांना एकेक सक्युबस देत राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण तिचं असं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कोणीतरी ती चित्रकाराची सही वाचली. तो मालिकेचा इंटरनेटवरचा पत्ता होता. पाच मिनिटांत हॉलमध्ये सात-आठ फोन निघाले आणि हंसाबेनच्या सूनबाईने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिलं हसू आलं. मग दुसरं. ऋचा माझ्या शेजारी पलंगावर बसून नखं खात होती. बायका रागावून उठून जात नाहीयेत हे पाहून मला जरा धीर आला. मी तिला म्हणालोसुद्धा, बघ, आवडतंय त्यांना. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आतल्या बाथरूममध्ये नळ सोडून बसता का? पुढचं ऐकू नका."

मी ऐकलं. पुढचा भाग ४०२ च्या काकांचा होता. आम्ही ४०२ मध्ये राहतो. काका सोसायटीचे सेक्रेटरी, झोपताना कानटोपी, पायजम्याच्या खिशाला पेन. मोहना नटूनथटून त्यांच्या स्वप्नात शिरते आणि म्हणते, मी तुमची झोप उडवायला आलेय. काका म्हणतात, भाडेकरू असाल तर आधी पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद दाखवा. स्वप्नात सोसायटीची सर्वसाधारण सभा चाललेली असते आणि कोरम भरत नसतो. काका मोहनाला खुर्ची देतात. कबुतरांच्या जाळ्यांचा ठराव ते सव्वा तास वाचतात. ती त्यांना भुरळ घालायला आलेली, तिलाच पेंग येते. शेवटी सुटका व्हावी म्हणून ती हात वर करते आणि ठरावाला अनुमोदन देऊन निघून जाते. हेड ऑफिस काकांच्या नावापुढे शेरा मारतं: 'शोषण्यासारखं काही नाही.'

हॉलमध्ये बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. ग्रेसीबाईंना ठसका लागला. ठरावाची भाषा शब्दशः माझी होती. ऑगस्टच्या सभेत सेक्रेटरी म्हणून मीच तो वाचला होता. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. बापाबद्दल पोरीला एवढंच सुचावं? पण मग मी तो भाग तिच्या फोनवर स्वतः वाचला, आणि कानटोपीच्या गाठीपर्यंत सगळं इतकं बरोबर होतं, की तक्रार कुठल्या मुद्द्यावर करायची ते मला कळेना. कोरमच्या जागी तर मला हसूही आलं, ते मी खोकल्यात घालवलं.

बायका गेल्या. नीताने रांगोळी पुसली नाही, ताटं उचलली नाहीत. सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "ऋचा, फोन दे." मग ऋचाने तिला सगळं सांगितलं, पुस्तकाचं, राजीनाम्याचं, महिन्याअखेरच्या मुदतीचं. विषय मी काढायचा ठरलं होतं, पण मी एव्हाना बोलण्याच्या लायकीचा राहिलो नव्हतो. चष्मा लावून नीता पहिल्या भागापासून वाचायला लागली. आम्ही दोघं समोर उभे होतो. दिवेलागणीला तिने एकदा पाणी मागितलं, तेवढंच.

शेवटचा भाग संपल्यावर तिने फोन खाली ठेवला.

"माझं नाक बरं काढलंयस," ती म्हणाली. "राजीनामा उद्याच देऊन टाक. महिनाअखेरपर्यंत कशाला थांबतेस?"

ऋचा रडायलाच लागली. नीताने तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग विचारलं, की मला जे काही म्हटलंय, त्याबद्दल कोणाला काही वाटतंय का?

"तुमचं काय?" नीता म्हणाली. "तीस वर्षं मी मैत्रिणींना सांगतेय हा माणूस कसा आहे. कोणाला खरं वाटत नव्हतं. पोरीने चार चित्रांत दाखवलं."

ऋचाने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. आता ती दिवसभर घरी चित्रं काढते. प्रकाशकाने कळवलंय, की वाचकांना मोहना-चंचलापेक्षा काका जास्त आवडतात, तेव्हा पुस्तकात काका वाढवा. गेल्या महिन्यात मी सहज म्हणालो, केस काळे करावेत आणि संध्याकाळी जरा तबला शिकायला जावं. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. ऋचाने माझा हात हातात घेतला आणि फार मायेने विनवलं, की बाबा, पुस्तक पुरं होईपर्यंत तरी स्वतःत काही सुधारणा करू नका. उभ्या आयुष्यात माझ्यावर कोणी इतकी सोपी जबाबदारी टाकली नव्हती. मी ती मन लावून पार पाडतोय, आणि नीता म्हणते त्याप्रमाणे, मला त्यासाठी फारसे कष्टही पडत नाहीयेत.