उसना दिलेला फिटर

निळेभाऊ भेटले की माणसं आधी त्यांच्या बोटांकडे बघत. दहाही टोकं निळी. साबणाने नाही, रॉकेलने नाही, कशानेच तो रंग पुरता जात नसे. साच्याचे दोन अर्धे भाग एकमेकांवर नीट बसतात की नाही हे पाहायला एका भागाला पातळ निळं लावतात आणि दुसरा त्यावर दाबतात. जिथे निळं उमटतं तिथे लोखंड वर आलेलं असतं. तेवढंच घासायचं. पुन्हा लावायचं, पुन्हा दाबायचं. भाऊ म्हणत, हे ज्याला जमतं तो फिटर, बाकीचे नुसते लोखंडाशी भांडतात.

पंपाच्या कारखान्यात खिडकीखालचं टेबल त्यांचं. तरुणपणी तिथे उभे राहिले ते केस पांढरे होईपर्यंत. टेबलाची लाकडी कड त्यांच्या पोटाच्या उंचीला घासून गुळगुळीत झाली होती. दुसरं कुणी तिथे उभं राहिलं तर उपरं वाटायचं.

मग त्या वसाहतीतल्या पाच मालकांची बैठक झाली. पाचही जण एकच रडगाणं घेऊन आले होते: माणूस मिळत नाही. जुने फिटर म्हातारे होत चाललेत, नवे येत नाहीत, आला तर शेजारचा पळवतो. शेवटी ठरलं की पाचांनी मिळून बंद पडलेल्या गोदामात शाळा काढायची. शिकणाऱ्याला वर्ष पुरं होईपर्यंत कुणी उचलायचं नाही. टाळ्या झाल्या. ज्याने त्याने आपल्या परीने वाटा दिला. कुलूपवाल्याने लोखंड धरून ठेवायचे, जबडे झिजलेले शिकंजे दिले, पंखेवाल्याने गिअर अडकणारं मिलिंग मशीन दिलं, डबेवाल्याने खुर्च्या, नळवाल्याने दारावरची मोठी पाटी.

पंपवाल्या धाकट्या मालकांनी भाऊंना बोलावलं. "आपल्याकडून तुम्ही. वर्षभर शिकवा, मग या परत. टेबल तुमचंच आहे, भाऊ, ते कुठे पळून जातंय?"

घरी बायकोने ऐकलं आणि ती भांडं घासता घासता म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची हौसच तुम्हाला."

"अगं, मालकांनी शब्द दिलाय."

"लिहून दिलाय का?"

"टेबल काय लिहून देतात?"

"मग तेच म्हणतेय मी."

भाऊ हसले. खरं तर ते खूश होते. पहिल्या दिवशी गोदामात शिकायला आलेल्यांनी त्यांना 'सर' म्हटलं तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आलंय म्हणून. घरी येऊन सांगितलं, "चौघांनी भंगार दिलं आणि पाचव्याने मला दिलं. हिशेब बरोबर जुळला."

शिकायला आलेल्यांत एक बाई होती. आधी कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसायची, तो बंद पडला. इतर तिला शिवणवाली म्हणत. घरात कमावणारी ती एकटीच. तिचा हात थरथरत नसे. पण घाई फार. कानस लावली की सगळंच घासून काढायची.

"खाली राहिलंय त्याला हात लावू नकोस," भाऊ म्हणत. "ते बिचारं काही करत नाहीये."

"सर, पण सगळं सारखं दिसायला नको का?"

"दिसायला सगळं सारखंच दिसतं. बसायला हवं."

वर्ष निम्मंही सरलं नव्हतं आणि पंखेवाल्याचा माणूस स्कूटर घेऊन गोदामाच्या दाराशी आला. काम अडलंय, एक माणूस फक्त दोन आठवड्यांसाठी द्या म्हणाला. तो माणूस परत आला नाही. हे कुलूपवाल्याला कळलं. त्याने दोघांना नेलं. मग डबेवाल्याला वाटलं आपणच तेवढे मूर्ख ठरतोय. पुढच्या बैठकीत प्रत्येक जण म्हणाला, सुरुवात मी नाही केली. ते खरंही होतं; सुरुवात नेमकी कुणी केली हे कुणालाच सांगता येईना. कुंपणच शेत खात होतं आणि पाचही बाजूंनी कुंपण तेच होतं.

भाऊंनी दारात उभं राहून एकाला सांगून पाहिलं, "अजून कच्चा आहेस रे. निळं लावून साचा बसवणं व्हायचंय तुझं."

तो म्हणाला, "सर, ते शिकेन की तिथेच." आणि स्कूटरवर मागे बसला.

शिवणवाली सगळ्यांत शेवटी गेली. तिला कुणी नेलं हे भाऊंनी विचारलं नाही. गोदामात ते आणि खुर्च्या उरल्या. मग मालकांनी कळवलं की शाळा तूर्त थांबवतोय. पाटी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी भाऊ सकाळी सवयीने पंपाच्या कारखान्याशी गेले. वॉचमनने त्यांना ओळखलं, पण पाहुण्यांचा पास दिला. "नवीन नियम आहे, भाऊ. आत कशाला हात लावायचा नाही."

खिडकीखाली, त्यांच्या टेबलाशी, शिवणवाली उभी होती. उंचीला कमी पडत होती म्हणून पायाखाली फळी घेतली होती. भाऊंना पाहून ती फळीवरून खाली उतरली.

"सर, मला माहीत नव्हतं हे टेबल तुमचं आहे. देवाशपथ. नंतर कळलं."

"उभी राहा," भाऊ म्हणाले. "काम सोडून उतरू नये."

तेवढ्यात धाकटे मालक आले. त्यांनी अगदी आदराने भाऊंचा हात हातात घेतला. "बरं झालं आलात. पंपाच्या झाकणाचा साचा तयार आहे, आज ओतकामाला जायचाय. बघून सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर हिला उद्यापासून नका येऊ म्हणतो आणि तुम्हीच उभे राहा. मला काय, काम झालं पाहिजे."

हे त्यांनी तिच्यासमोर सांगितलं, सहज, पाणी मागावं तसं.

भाऊंनी वाकून पाहिलं. निळं उजवीकडे दाट उमटलं होतं, डावीकडे नावाला. तिने घाईत खालचंही घासलं होतं. काही दिवस निभेल, मग वितळलेला धातू डावीकडच्या फटीतून बाहेर यायला लागेल. ती पाहत नव्हती. कानशीतला कीस ब्रशने काढत होती, निघून गेलेला कीसही काढत होती. भाऊंनी हात मागे बांधले होते. टेबलाची गुळगुळीत कड त्यांच्यापासून वीतभर होती.

"चालेल," ते म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "थोडे दिवस."

मालकांनी पहिलाच शब्द ऐकला. "बघा. तुम्ही शिकवलं म्हणजे शिकणारच. मग आता या वयात तुम्हाला कशाला उगाच उभं करायचं? शाळा सुरू झाली की पहिला निरोप तुम्हालाच."

भाऊ बाहेर निघाले. शिवणवाली मागून फाटकापर्यंत धावत आली.

"सर, खरं सांगा."

"डावीकडून गळेल."

"मग बोलला का नाहीत?"

गळेल तेव्हा हिलाच धरतील, हे भाऊंच्या आता लक्षात येत होतं. तिला वाचवलं म्हणावं तर वाचवलं नव्हतं. स्वतःचं टेबल राखलं म्हणावं तर तेही नाही.

"उद्या या ना," ती म्हणाली. "मी परत घासते. तुम्ही नुसतं बोटाने दाखवा."

"आत यायला पास लागतो."

"मी मालकांना सांगते की साचा नीट..." आणि ती मध्येच थांबली. काय सांगावं लागेल ते तिला कळलं होतं. आतून तिला कुणीतरी हाक मारली. ती गेली.

भाऊ तिथेच उभे राहिले. साचा घेऊन ओतकामाकडे जाणारा टेम्पो मागून आला आणि हॉर्न वाजवू लागला.

"भाऊ," वॉचमन म्हणाला, "जरा बाजूला होता का? गाडी जाऊ द्या."

भाऊ बाजूला झाले.